बरगडी मोजायची राहून गेली: डाव्या स्तनाच्या रेडिओथेरपीतील स्वयंचलित काँटूरिंगचे एक प्रकरण

या प्रकरणात रुग्णाला कोणतीही इजा झाली नाही. सॉफ्टवेअरने काढलेल्या काँटूरमधली, म्हणजे स्कॅनवर अवयवांभोवती आणि उपचाराच्या क्षेत्राभोवती आखलेल्या रेघेतली, चूक पहिल्या फ्रॅक्शनच्या (किरणांच्या हप्त्याच्या) आधी सापडली, प्लॅन, म्हणजे किरण देण्याची आखणी, नव्याने केला गेला आणि उपचार दोन दिवस उशिरा सुरू झाले. तरीही ते सविस्तर नोंदवून ठेवावेसे वाटते, कारण सापडण्यापूर्वी ती चूक काँटूर तपासणारे डॉक्टर आणि प्लॅन करणारे सहकारी अशा दोन अनुभवी माणसांच्या नजरेखालून गेली होती, आणि दोघांनीही आपले काम मन लावून केले होते. विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून प्लॅनची दुसरी तपासणी माझ्याकडे असते. ती चूक माझ्याही हातून सुटण्याच्या बेतात होती. रुग्णाची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे गाळले आहेत.

रुग्ण आणि ठरलेले उपचार

रुग्ण पन्नाशीतल्या होत्या. डाव्या स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागातील गाठ स्तन राखून काढलेली होती, काखेतील काही लसीकाग्रंथींमध्ये कर्करोगाच्या पेशी आढळल्या होत्या आणि केमोथेरपी पूर्ण झाली होती. संपूर्ण स्तन, काखेच्या वरच्या टप्प्यांतील व कॉलरबोनजवळच्या ग्रंथी आणि छातीच्या मधल्या हाडाच्या, म्हणजे उरोस्थीच्या, कडेने उतरणारी इंटर्नल मॅमरी ग्रंथींची साखळी यांना मिळून ४० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक) डोस १५ फ्रॅक्शनमध्ये द्यायचा, असे ठरले. दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरला की फुप्फुस फुगते आणि हृदय छातीच्या पुढच्या भिंतीपासून दूर सरकते; म्हणून सीटी स्कॅनही त्याच स्थितीत घेतला आणि उपचारही तसेच द्यायचे होते.

इंटर्नल मॅमरी साखळी हा या प्रकरणाचा गाभा असल्याने तिच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. उरोस्थीच्या दोन्ही कडांना, बरगड्यांच्या पुढच्या कूर्चांच्या मागून, एक धमनी आणि तिच्या सोबतच्या शिरा खाली उतरतात आणि ग्रंथी त्यांच्या लगत असतात. निरोगी ग्रंथी इतक्या लहान असतात की सीटीवर त्या बहुधा दिसतच नाहीत, म्हणून दिसणाऱ्या रक्तवाहिनीच्या आधाराने न दिसणाऱ्या ग्रंथींचे क्षेत्र आखावे लागते. युरोपातील एस्ट्रो या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार शिरेभोवती ५ मिलिमीटर जागा घ्यायची आणि खालची सीमा चौथ्या बरगडीच्या वरच्या कडेला ठेवायची. निवडक रुग्णांत ती पाचव्या बरगडीपर्यंत नेण्याची मुभा आहे. अमेरिकेतील आरटीओजी या रेडिओथेरपी संशोधन गटाच्या अ‍ॅटलासमध्येही खालची सीमा चौथ्या बरगडीच्या वरच्या कडेलाच आहे. म्हणजे बरगड्यांमधल्या पहिल्या तीन जागा क्षेत्रात येतात आणि चौथी बाहेर राहते. आमच्या रुग्णाची गाठ वरच्या बाहेरच्या भागात असल्याने चौथी जागा घेण्याचे काही कारण नव्हते.

या एका जागेचे महत्त्व डाव्या बाजूला फार आहे. डेन्मार्कमध्ये २००३ ते २००७ या काळात उपचार झालेल्या, काखेतील ग्रंथींमध्ये आजार पोहोचलेल्या ३,०८९ स्त्रियांच्या अभ्यासात उजव्या बाजूच्या रुग्णांच्या या साखळीला किरण दिले गेले आणि डाव्या बाजूच्या रुग्णांना हृदयाच्या काळजीने दिले गेले नाहीत. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७५.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ७२.२ टक्के निघाले. साखळीवर उपचार केल्याचा फायदा आणि तो डाव्या बाजूला देण्याची भीती, या दोन्ही गोष्टी त्या एकाच अभ्यासाच्या रचनेत दिसतात. भीतीला आधारही होता. स्वीडन आणि डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांवर आधारित २०१३ च्या अभ्यासात हृदयाच्या सरासरी डोसमध्ये प्रत्येक १ ग्रेच्या वाढीमागे हृदयधमन्यांच्या गंभीर घटनांचा दर ७.४ टक्क्यांनी वाढत गेल्याचे दिसले, आणि ज्याच्या खाली धोका नाही अशी कोणतीही पातळी त्यात आढळली नाही. हे प्रमाण सापेक्ष आहे; मुळात हृदयविकाराचा धोका कमी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत प्रत्यक्ष भर लहानच राहते. पण ज्या ग्रेमधून रुग्णाला काहीच मिळत नाही, तो एक ग्रेही का द्यावा, हा प्रश्न उरतोच.

काँटूर कसे तयार झाले

स्कॅन आल्यावर सॉफ्टवेअरने काही मिनिटांत स्तन, ग्रंथींचे सर्व टप्पे, हृदय, दोन्ही फुप्फुसे, अन्ननलिका, मज्जारज्जू आणि खांद्याच्या हाडाचे डोके यांचे काँटूर काढून दिले. हेच काम हाताने करताना तास-दीड तास सहज जातो. वेळेइतकाच मोठा लाभ एकवाक्यतेचा असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टना त्याच तीन रुग्णांचे काँटूर काढायला दिले, तेव्हा काही रचनांमध्ये त्यांचे काँटूर एकमेकांवर अवघे १० टक्के येत होते. माणसामाणसांतला इतका फरक ज्यांनी रोज पाहिला आहे, त्यांना यंत्राची स्थिर रेघ हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. मलाही ती हवी आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते ही सोय काढून टाकावी यासाठी लिहिलेले नाही.

डॉक्टरांनी तपासणीला सुमारे वीस मिनिटे दिली. स्तनाच्या क्षेत्राची आतली कड उरोस्थीच्या दिशेने थोडी जास्त गेली होती, ती त्यांनी मागे घेतली. गाठ काढलेली जागा सॉफ्टवेअरला ओळखता येत नव्हती. ती त्यांनी शस्त्रक्रियेत ठेवलेल्या क्लिपा आणि साचलेला द्रव पाहून स्वतः काढली. काखेत शस्त्रक्रियेमुळे ऊतींची ठेवण बदलली होती, तिथेही दुरुस्ती केली. या सर्व दुरुस्त्या योग्य होत्या. पण त्या सगळ्या ठिकाणी चूक डोळ्यांना दिसत होती, रेघ वाकडी होती किंवा रेघच नव्हती. इंटर्नल मॅमरीचा काँटूर मात्र एकेका स्लाइसमध्ये (सीटीच्या आडव्या छेदात) पाहिला तर देखणा होता. शीर मधोमध, भोवती बेताची जागा, फुप्फुसाच्या आवरणाला न ओलांडणारी मागची कड. डॉक्टर स्लाइसमागून स्लाइस खाली उतरत गेले, प्रत्येक ठिकाणी रेघ बरोबर होती, आणि एका स्लाइसला ती संपली. ती जिथे संपली ती जागा बरोबर आहे का, हे आडव्या स्लाइसमधून कळत नाही.

चौथ्या बरगडीची वरची कड ओलांडून ती साखळी चौथ्या जागेतून थेट पाचव्या बरगडीपर्यंत उतरली होती.

प्लॅनमध्ये त्या चुकीने घेतलेले रूप

यापुढे जे घडले ते मला सर्वांत बोधप्रद वाटते. प्लॅन करणाऱ्या सहकाऱ्याला हृदयाचा सरासरी डोस विभागाच्या मर्यादेत बसवता येईना. त्याने किरणांच्या कमानीचे कोन बदलले, हृदयाला अधिक प्राधान्य दिले, तेव्हा साखळीच्या खालच्या टोकाला डोस कमी पडू लागला. टोक सावरले की हृदय पुन्हा वर जाई. संगणकाच्या दृष्टीने ते टोक उपचाराचे लक्ष्य होते आणि तो ते इमानाने गाठत होता. दोन दिवसांच्या प्रयत्नांनंतर मर्यादेच्या किंचित वर राहिलेला एक प्लॅन तयार झाला आणि त्यासोबत एक टीप आली: रुग्णाच्या छातीची ठेवण प्रतिकूल आहे, हृदय उरोस्थीला लागून आहे, साखळीला पुरेसा डोस देण्यासाठी एवढे स्वीकारावे लागेल.

ही टीप वाचून कोणालाही शंका आली नसती. अशा रुग्णा खरोखरच असतात. काँटूरमधली चूक अशा रीतीने रुग्णाच्या शरीररचनेच्या नावावर जमा झाली, आणि एकदा ती तिथे जमा झाली की तिच्याकडे चूक म्हणून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. मीही ती टीप मान्य करून पुढची पाने पाहू लागले होते.

थांबले ते एका वेगळ्याच कारणाने. साधा श्वास चालू असतानाचा आणि श्वास रोखलेला असे दोन्ही स्कॅन उपलब्ध होते. रोखलेल्या श्वासात या रुग्णाचे हृदय चांगले दोन बोटे मागे सरकलेले दिसत होते. श्वास इतका उत्तम रोखता येणाऱ्या रुग्णाच्या हृदयाला एवढा डोस का मिळावा, हे कोडे सुटेना, म्हणून मी डोसचे वितरण बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदात उघडले. उरोस्थीच्या मागे उच्च डोसचा पट्टा वरून खाली येत होता आणि हृदयाच्या पुढच्या भागासमोर जिभेसारखा लोंबत होता. त्याच छेदात उरोस्थीचे वरचे आणि मधले हाड जिथे कोनात जुळतात तो सांधा स्पष्ट दिसतो. दुसऱ्या बरगडीची कूर्चा त्याच सांध्याला जोडलेली असते, त्यामुळे तिथून मोजणी सुरू करता येते: दुसरी, तिसरी, चौथी. पट्टा चौथीच्याही खाली होता. मोजायला एक मिनिटही लागले नाही.

डॉक्टरांनी साखळीचे टोक वर घेतले. त्याच सहकाऱ्याने त्याच दिवशी नवा प्लॅन केला आणि तो पहिल्याच प्रयत्नात मर्यादेच्या आत बसला. हृदयाचा सरासरी डोस एका ग्रेहून थोडा अधिक उतरला, आणि हृदयाच्या पुढच्या खोबणीतून उतरणाऱ्या एलएडी या धमनीवरचा डोस त्याहून ठळकपणे कमी झाला. उपचार दोन दिवस पुढे का गेले, हे डॉक्टरांनी रुग्णाला समोर बसवून सांगितले: आखणीत एक चूक होती, ती तपासणीत सापडली, दुरुस्त केली. रुग्णाने एकच विचारले, "सापडली नसती तर?" डॉक्टरांनी त्याचेही उत्तर दिले, की आजारावरच्या उपचारात कमतरता राहिली नसती, पण हृदयाला नको तो डोस गेला असता.

यंत्र तिथे का चुकले

सध्याची बहुतेक काँटूरिंग सॉफ्टवेअर खोल न्यूरल नेटवर्कवर चालतात, आणि त्यांतील अनेकांचा मूळ आराखडा यू-नेट हा असतो, जो २०१५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिमांतील पेशी वेगळ्या काढण्यासाठी मांडला गेला. असे जाळे प्रत्येक बिंदूच्या आसपासचे रूप पाहून तो बिंदू कोणत्या रचनेत मोडतो हे ठरवते. इंटर्नल मॅमरी साखळीच्या आडव्या सीमा या पद्धतीला अनुकूल आहेत: इकडे हाड, तिकडे फुप्फुस, मध्ये चरबीत शीर. खालची सीमा तशी नाही. तिसऱ्या जागेतील शीर आणि चौथ्या जागेतील शीर यांचे आसपासचे रूप जवळजवळ सारखेच असते. तिसरीपर्यंत आत आणि चौथीपासून बाहेर हा नियम मोजणीचा आहे. माणूस वरून बरगड्या मोजत येतो. जाळे मोजत नाही, ते उंचीचा अंदाज हृदय, स्तन, यकृत अशा भोवतालच्या खुणांवरून बांधते. श्वास रोखल्यावर नेमक्या याच खुणांचे बरगड्यांशी असलेले नाते बदलते. शिवाय निवडक रुग्णांत पाचव्या बरगडीपर्यंत जाण्याची मुभा असल्याने शिकण्यासाठी वापरलेल्या काँटूरमध्येही दोन्ही प्रकारची टोके मिसळलेली असू शकतात. आमच्या रुग्णाच्या बाबतीत यांतले कोणते कारण किती प्रभावी ठरले, हे बाहेरून ठरवता येणार नाही. पण चूक साखळीच्या कडेला न होता टोकालाच का झाली, ते यावरून समजते.

सॉफ्टवेअर स्वीकारताना आम्ही त्याची चाचणी घेतली होती. हाताने काढलेले आणि यंत्राने काढलेले काँटूर किती जुळतात, हे डाइस गुणांकाने मोजले होते. दोघांच्या सामाईक भागाची दुप्पट भागिले दोघांची बेरीज, असा तो गुणांक आहे; पूर्ण जुळले तर १, अजिबात न जुळले तर ०. या प्रकरणानंतर मी एक साधे गणित मांडून पाहिले आणि ते सर्वांनी करून पाहावे असे वाटते. साखळी ९ सेंटिमीटर लांबीची नळी माना. यंत्राने ती सर्वत्र अचूक काढली, पण खाली ३ सेंटिमीटर जास्त नेली, तर डाइस १८ भागिले २१, म्हणजे ०.८६ येतो. आता दुसरी शक्यता घ्या: दोन्ही टोके अचूक आहेत, पण ६ मिलिमीटर त्रिज्येची नळी सर्वत्र १ मिलिमीटरने बारीक काढली गेली. क्षेत्रफळे ३६ आणि २५ या प्रमाणात असल्याने डाइस ५० भागिले ६१, म्हणजे ०.८२ येतो. एका मिलिमीटरचा फरक दोन डॉक्टरांच्या हातांत रोज पडतो आणि प्लॅनवर त्याचा परिणाम सहसा नगण्य असतो. तरी त्याला कमी गुण मिळतात. हृदयासमोर ३ सेंटिमीटर लोंबणारी चूक जास्त गुण घेऊन उत्तीर्ण होते. त्यातही आम्ही सर्व चाचणी-रुग्णांची सरासरी पाहून समाधान मानले होते.

दोन पृष्ठभागांमधले सर्वांत मोठे अंतर सांगणारे हाउसडॉर्फ माप पाहिले असते तर ही चूक चटकन उठून दिसली असती. मात्र प्रत्यक्ष रुग्णासमोर कोणतेही माप उपयोगी पडत नाही, कारण तिथे तुलना करायला हाताने काढलेला काँटूर नसतोच.

तयार रेघेचा परिणाम

डॉक्टरांशी नंतर सविस्तर बोलणे झाले, तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट मला या साऱ्या प्रकरणातली मुख्य वाटते. हाताने साखळी काढायची तर आधी टोके शोधावी लागतात. वरचे टोक कुठे, खालचे कुठे, हे ठरवल्याशिवाय पहिली रेघच ओढता येत नाही. म्हणजे बरगड्या मोजणे हे काढण्याच्या कृतीतच सामावलेले असते, त्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. तयार काँटूर समोर आला की ती पायरी कोणी काढून न टाकताही गळून पडते. तपासणारा "ही रेघ इथे बरोबर आहे का" एवढेच विचारतो आणि "ही रेघ इथे असायला हवी का" हा प्रश्न मनात उमटतच नाही. त्यांनी वीस वर्षे हाताने काँटूर काढले आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या हाताने ही चूक कधीच झाली नसती.

म्हणून आम्ही केलेला पहिला बदल क्रमाचा आहे. यंत्राचे काँटूर उघडण्याआधी डॉक्टर रिकाम्या स्कॅनवर काही मोजक्या सीमांच्या खुणा करतात: इंटर्नल मॅमरीचे खालचे टोक, कॉलरबोनजवळच्या क्षेत्राची वरची सीमा, स्तनाच्या क्षेत्राची वरची आणि खालची कड, आणि हृदयाची वरची कड. एकूण काम तीन-चार मिनिटांचे. त्यानंतर काँटूर उघडले जातात आणि खुणांशी ताडले जातात. हृदय या यादीत मुद्दाम घेतले आहे, कारण त्याची वरची कड दोन-तीन स्लाइस वर सरकली तर कमी डोस मिळणारा भाग हृदयात गणला जाऊन सरासरी आकडा आपोआप चांगला दिसू लागतो, आणि तो आकडाच पुढच्या साऱ्या तपासणीचा आधार असतो.

दुसरा बदल प्लॅनिंगमधला आहे. एखादी मर्यादा बसत नसेल तर "शरीररचना प्रतिकूल" असे लिहिण्याआधी प्लॅन अडवणाऱ्या भागाचा काँटूर उभ्या छेदात पुन्हा पाहायचा आणि पाहिल्याची नोंद करायची. सुरुवातीला आम्ही सर्व रचनांसाठी लांबलचक तपासणी-यादीही केली होती. दोन आठवड्यांत तिच्यावरच्या खुणा न पाहताच होऊ लागल्या, म्हणून ती बंद केली. ज्या चुकीची किंमत मोठी आहे आणि जी नेहमीच्या पाहण्यात दिसत नाही, तेवढीच नावे ठेवली; ग्रंथींच्या टप्प्यांच्या एकमेकांतल्या सीमा, अन्ननलिकेची जाडी अशा गोष्टी आम्ही जाणूनबुजून नेहमीच्या नजरेवर सोडल्या आहेत. हा निर्णय वादाचा असू शकतो. विभागातही त्यावर दोन मते आहेत.

तिसरी गोष्ट या रुग्णाच्या स्कॅनची. त्यांची १५ फ्रॅक्शन ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली. त्यांचा स्कॅन, ओळखीचे सर्व तपशील काढून, आम्ही एका छोट्या संचात ठेवला आहे. शरीरात रोपण असलेल्या, पाठीचा कणा वाकलेल्या, हात पुरेसा वर न जाणाऱ्या अशा अवघड रुग्णांचे स्कॅन त्यात आहेत आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ती आधी या संचावर चालवून पाहिली जाते, प्रत्येक रुग्ण स्वतंत्रपणे, सरासरी न काढता. काही महिन्यांनी आलेल्या आवृत्तीत या स्कॅनवरची इंटर्नल मॅमरी साखळी चौथ्या बरगडीच्या वरच्या कडेला, जिथे हवी तिथेच, संपली. हृदयाची वरची कड मात्र आधीच्या आवृत्तीपेक्षा दोन स्लाइस वर सरकली होती.